संयोगितासाठी कोळंबीचा पास्ता

३० जानेवारी, शुक्रवार

संयोगिता माहेरी कोडोलीला गेली. भांडण वगैरे काही नाही. हवापालट. बॅग मोठी नेली, पण तिला कपडे सैलसर भरायची सवय आहे.

झालं एवढंच की ती पुण्याला लेकीकडे राहून आली. तिथं जावयानं, म्हणजे राजवीरनं, स्वतः कोळंबीचा पास्ता केला आणि हिला बसवून वाढला. आल्यापासून तेच पुराण. शेवटी मी म्हटलं, त्यात काय एवढं, आम्ही रस्सा मंडळात पन्नास माणसांचं मटण उतरवतो. त्यावर ती म्हणाली, "त्या पन्नासात मी कवा हुते?"

आता रस्सा मंडळ बाप्यांचं. नदीकाठी चूल, तांबडा, पांढरा, गप्पा. तिथं बायका कुठून येणार? प्रश्नच चुकीचा होता. मी तसं सांगितलं. मग तिनं बॅग भरली.

३१ जानेवारी, शनिवार

निश्चय केला. माझ्या हातचा कोळंबी पास्ता संयोगिताला खाऊ घालायचा. पुढच्या रविवारी, आठ तारखेला, दुपारी.

कोडोलीला फोन लावला. सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, घेतला. संयोगिता गोठ्यात आहे म्हणाल्या. तासाभरानं लावला, तरी गोठ्यातच. संध्याकाळीही गोठ्यातच. त्यांच्याकडे म्हैस एकच आहे.

रात्री आक्कांचा उलटा फोन. येते म्हणालीय, पण नुसती जेवायला. राहायचं का नाही ते जेवून बघू म्हणालीय.

म्हणजे राहणारच. जेवण मी करणार आहे ना.

२ फेब्रुवारी, सोमवार

लेकीला, तेजस्वीला, फोन करून रेसिपी घेतली. बटरमध्ये लसूण, मग टोमॅटो, मग क्रीम. कोळंबी सगळ्यात शेवटी, दोन-तीन मिनिटं. मी हसलो. दोन मिनिटांत काय शिजतं? मटणाचा आम्ही दोन मिनिटं नुसता वास बघतो. तेजस्वी म्हणाली, बाबा, प्लीज, जास्त शिजवू नका. पुण्यात राहून पोरं भित्री होतात.

तिनं आणखी विचारलं, आई खरंच येणार आहे का? आवाज जरा विचित्र होता. नेटवर्क असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिली ट्रायल. कोळंबी आणली, सोलली, पाठीचा काळा दोरा काढला. हळद-मीठ लावून कुकरला लावली. मटणाला देतो त्यापेक्षा एक शिट्टी कमीच दिली. लेकीचा मान राखला.

कोळंबी बदामाएवढी झाली आणि बदामापेक्षा कडक. जबडा अजून दुखतोय. पास्ता उकळत असताना ऑफिसचा फोन आला. बोलून येईपर्यंत त्याची खीर झाली होती.

कोळंबी जून होती. पास्त्याचं पाकीट जुनं. कुकरचं रबरही बदलायला झालंय.

शेजारच्या कुत्र्याला घातलं. त्यानं वास घेतला आणि निघून गेलं. पण ते जैनांच्या घरात वाढलेलं आहे, त्याचं मत कशाला धरायचं?

रविवार जवळ आला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी ट्रायल. यावेळी कोळंबी शेवटी टाकली आणि लगेच गॅस बंद केला. हे मला आधीपासून सुचलं होतं.

कोळंबी मऊ झाली. पण सॉस! आजाऱ्याचं जेवण. मग डब्यातली घरची कांदा-लसूण चटणी दोन चमचे घातली. रंग आला, तवंग आला. माझंच मला भरून आलं.

तरी मन थाऱ्यावर नव्हतं. संयोगिताच्या तोंडाला काय लागेल, कुणी सांगावं? म्हणून पिराजीला चाखायला बोलावलं. मंडळाचा स्वयंपाक तोच बघतो. लाकडं, जाळ आणि मीठ चाखणं माझ्याकडे असतं, म्हणजे मुख्य ते सगळं. पिराजीनं एक घास घेतला, दुसरा घेतला. मग म्हणाला, "इश्वजितराव, हे जमलंय की." माझ्या नावातला 'व' तो नेहमीच गिळतो.

जेवण कधी आहे विचारत होता. ज्यानं चव बघितली त्याला येऊ नको कसं म्हणायचं?

७ फेब्रुवारी, शनिवार

बेत पक्का. उद्या संयोगिता, आक्का आणि मी. आणि पिराजी. पिराजीच्या गाडीत मंडळातला सम्राट असतोच, म्हणून तो. आणखी दोघांच्या कानावर गेलंय.

एका अर्थी बरंच झालं. माझं कौतुक मी केलं तर संयोगिताला पटत नाही. चार लोकांच्या तोंडून ऐकलं तर पटेल. कोळंबी ठरली होती तेवढीच आणली. क्रीम जड असतं, माणूस फार खात नाही.

झोप लागेना. घर फार शांत आहे. ती असली की भांडी वाजतात.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

पहाटेच उठून कोळंबी सोलली. दोन बोटं कापली. लसूण ठेचला. हॉल झाडला. तिच्या खुर्चीवर नवी गादी टाकली.

साडेअकरा

आली नाही. कोडोलीची एसटी वेळेवर कधी येते म्हणा. फोन करणार नाही. अजिबात करणार नाही.

अकरा पस्तीस

केला. उचलला नाही.

बारा

आली!

आक्का सोबत. हातात बॅग नाही, नुसती पर्स. बरोबरच आहे, कपडे इथं ढीगभर आहेत.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी कमरेला टॉवेल बांधलेला, हाताला चिकटपट्ट्या. बघत राहिली आणि हसली. वास झकास सुटलाय म्हणाली. मदत करू का विचारलं. मी म्हटलं, आज तू नुसतं बसायचंस. ती जाऊन गादीवर बसली. लग्नात बसली होती तशी, जरा अवघडून, जरा खुशीत. मी पास्ता उकळत्या पाण्यात सोडला.

दुपारी अडीच

मंडळ जेवून गेलं. ऐतिहासिक जेवण. घाईघाईत नोंदवून ठेवतो.

चौघांना सांगितलं होतं, नऊ आले. संयोगिता टेबलाशी होती, पण आलेले पाहुणे दारात उभे ठेवून घरच्यांनी आधी जेवायचं? आपल्यात तसं होत नाही. पहिली पंगत पाहुण्यांची. मी तिला म्हटलं, तुम्ही दोघी मागनं निवांत बसा, घाईत मजा येत नाही. ती लगेच उठली. समजूतदार आहे.

सम्राट म्हणाला, सॉस भारी आहे पण हे नळकांडं पोटाला लागत नाही, भाकरी असंल तर बघा. मी आत नजर टाकली. संयोगिता उभीच होती. तिनं पीठ घेतलं. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज आला आणि मला फार बरं वाटलं. घर पुन्हा घरासारखं वाजत होतं.

मग मला आवरेना. ज्याचं ताट मोकळं दिसेल त्याला वाढत सुटलो. पिराजी नको म्हणत होता, तरी वाढलं. आग्रह करावाच लागतो. सगळ्यांनी बोटं चाटली. जाताना पिराजीनं आत वाकून मोठ्यांदा सांगितलं, वहिनी, नशीब काढलंसा.

आता आमची पंगत. ताटं घेतो.

दुपारी पावणेतीन

पातेलं बघितलं.

संध्याकाळ

लिहायला नको वाटतंय.

पातेल्यात सॉसचा ओघळ होता. कोळंबीचं शेपूट एक. मी म्हटलं, लगेच पुन्हा करतो, कोळंबी आणतो. बाजार आवरला होता. पास्ताही संपला होता. उरल्या होत्या दोन भाकऱ्या. मायलेकींनी त्या दह्याशी आणि शेंगाच्या चटणीशी खाल्ल्या. मी वाढू का विचारलं. तिनं वाढून घेतलं होतं.

मी म्हटलं, पण सगळ्यांना आवडलं की. तुझ्यासाठीच केलं होतं.

ती ताट धुता धुता म्हणाली, "तुमी केल्यालं मंडळानं खाल्लं. माझ्या वाटणीला भाकऱ्या आल्या. ह्यात नवीन काय केलासा?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. चारच्या गाडीनं दोघी गेल्या. स्टँडवर सोडतो म्हटलं, तर रिक्षा बोलावली होती.

तेजस्वीचा फोन आला. आई पहिल्या घासाला काय म्हणाली? मी म्हटलं, आवाज येत नाही. तिचा आवाज स्पष्ट येत होता. फोन ठेवला आणि तिच्या खुर्चीवर बसून रडलो. मला ती घरी हवी आहे. हे मी तिला एकदाही म्हटलेलं नाही, पास्ताच करत बसलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

नवा निश्चय. बुधवारी सगळं सामान घेऊन कोडोलीला जायचं. तिच्याच माहेरच्या चुलीवर करायचं. आधी तिला वाढायचं, ती जेवेपर्यंत आपण हात आवरून बसायचं. ही योजना फसणं शक्य नाही. सकाळीच पिराजीला गाडीचं सांगून टाकलं, पातेलं एसटीत कुठं नेणार?

दुपारी धीर करून फोन लावला. आक्कांनी घेतला. संयोगिता गोठ्यात होती. मी सगळा बेत सांगितला. आक्का म्हणाल्या, "या की पावणं. पन एकटं या."

मी म्हटलं, एकटाच येतो.

पिराजीला सांगायला फोन केला. तो म्हणाला, गाडीत पाच बसतात, तिघं तयार झाल्यात, सम्राटनं सुट्टी टाकलीय. त्याचा उत्साह बघून मला काही बोलवेना. उद्या बोलतो.