पितृपक्षातली गाडी

८ सप्टें., रविवार
वारज्याच्या शोरूमला जाऊन आलो. मी आणि मिलिंद (यापुढे मि.; ऑफिसची सवय). गाडी आवडली. छोटी एसयूव्ही, पांढरी, मधलं मॉडेल. बावीस वर्षं स्कूटरवर काढली, आता मि.ची पाठ ऐकत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले.

सेल्सवाला सचिन. चाळिशीचा, बोलायला गोड. कोटेशनचा कागद त्याने मि.पुढे ठेवला आणि मला म्हणाला, "ताई, तोवर कलर बघून घ्या." कर्ज माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. रंग बघितला नाही, कागद ओढून घेतला.

"हँडलिंग चार्जेस नऊ हजार. हे कशाचे?"
"सगळेच घेतात मॅडम." मघाशी ताई होते. प्रश्न विचारला की मॅडम.
"सगळे घेतात हे कळलं. कशाचे घेतात?"

तो मि.कडे बघून हसला. मि.पण हसले. ते मला जास्त लागलं.

घरी येताना स्कूटरवरच वाजलं. मि.: "भाजी घ्यायला गेलो होतो का आपण? बारा लाखांच्या गाडीत नऊ हजारांसाठी त्याच्या तोंडाला तोंड." मग नेहमीचं: बाबांनी आयुष्यात घासाघीस केली नाही. परवडत असेल तर सांगेल ती किंमत मोजायची, नाही तर ताठ मानेने बाहेर पडायचं. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दुकानात शिरलं की ते आमच्यासोबत असतात. फार प्रेमळ माणूस. पण मी त्यांची सून आहे, वारसदार नाही.

९ सप्टें., सोमवार
एकोणीस वर्षं निविदा विभागात काढली. सरकारसाठी पाइप, पंप, खुर्च्या, एकदा तर झाडूसुद्धा तीन ठिकाणचे दर मागवून घेतले. एका झाडूमागे दोन रुपये वाचले म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती. आणि स्वतःची गाडी पहिल्या कागदावर सही करून घेऊ?

जेवणाच्या सुट्टीत दरपत्रकाचा नमुना केला. अकरा रकाने. गाडीची मूळ किंमत, आरटीओ, विमा, मॅट आणि सीट कव्हरचं किट, वाढीव वॉरंटी, हँडलिंग, सूट, सगळं वेगवेगळं. तळाला: बंद लिफाफ्यात, सहीशिक्क्यासह, दि. २० पर्यंत. रकाना रिकामा ठेवल्यास किंवा सही नसल्यास दरपत्रक अपात्र.

प्राचीने वाचलं. लेक माझी, पण हसायला बापावर गेली आहे. "मॉम, तू कारचं टेंडर काढलंस? सिरियसली?"
सिरियसली.

१२ सप्टें., गुरुवार
अर्धी रजा टाकून तिन्ही ठिकाणी पत्र दिलं. बाणेरला विचारलं, कुठल्या कंपनीसाठी घेताय? म्हटलं, घरच्यासाठी. स्वारगेटची मॅनेजर बाई हसली, पण पत्र पूर्ण वाचलं तिने. शेवटी वारजे. सचिन म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना घेऊन या, मग निवांत बसून बोलू." मी म्हटलं, मिस्टर बसतील निवांत, पाठ दुखते त्यांची. बोलायला मी आहे.
पोच घेतली त्याच्याकडून. तारखेसकट.

१५ सप्टें., रविवार
सचिन आता मि.ना फोन करतो. कॉलेजात, लायब्ररीत. मि. ग्रंथपाल, तिथे मोठ्याने बोलता येत नाही, त्यामुळे ऐकूनच घ्यावं लागतं. दसऱ्याच्या मुहूर्ताच्या गाड्या संपत आल्यात म्हणे, आज टोकन दिलं तरच नंबर लागेल.

मि. रात्री जेवताना: "बघ, दसऱ्याला दारात गाडी आली तर बरं दिसेल."
म्हटलं, दसरा आपलाही मोठा. पण त्या दिवशी आपण पांढरे कपडे घालून विहारात जातो, गाडीला हार घालत नाही. मुहूर्ताचे जादा पैसे आपण का भरायचे?
ताट उचलून आत गेले. हे उठून जाणं मला नेहमीपेक्षा वेगळं वाटलं. विचारायला हवं होतं.

१८ सप्टें., बुधवार
काल विसर्जन झालं. आज पितृपक्ष लागला. सकाळीच तिन्ही शोरूमना फोन केला. गाडी याच पंधरवड्यात घेईन, हवं तर उद्या न्यायला तयार आहे.

बाणेरवाला: "पितृपक्षात? घरच्या मोठ्यांना चालेल ना?"
"चालेल."
"अच्छा." मग जरा थांबून, माझं आडनाव समोर बघून असेल, परत, "अच्छा अच्छा."

पहिलं अच्छा गाडीसाठी होतं. पुढची दोन कशासाठी होती ते मला शाळेपासून माहीत आहे. असू दे. या पंधरवड्यात शोरूममध्ये चिटपाखरू नसतं, गाड्या धूळ खात उभ्या असतात आणि महिन्याचं टार्गेट मात्र तेवढंच असतं. ऑफिसमधल्या कुलकर्णीबाईच हे सांगतात, आणि सांगून स्वतः दसऱ्यापर्यंत थांबतात. मला थांबायचं कारण नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याचा फायदा नातीला गाडीच्या भावात झाला तर ते खूशच होतील.
संध्याकाळपर्यंत बाणेरने सूट वाढवल्याचा मेसेज केला. लिहून द्या म्हटलं.

२० सप्टें., शुक्रवार
लिफाफे उघडले. जेवणाच्या टेबलावर, प्राची अध्यक्ष. दोन लिफाफे वेळेत. स्वारगेटच्या बाईने लिफाफा न पाठवता कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. अकरा रकाने भरलेले, सही नाही, शिक्का नाही.

बाणेर सर्वांत कमी. स्वारगेट त्याहून तीन हजार जास्त, पण हँडलिंगच्या रकान्यात स्वच्छ शून्य आणि विमा बाहेरून घेण्यास हरकत नाही असं लिहिलेलं. वारजे सर्वांत महाग. किट सक्तीचं, विमा त्यांचाच, हँडलिंग नऊ हजार जागच्या जागी. भाव पडलेत तरी याचा ताठा तोच. याला इतकी कसली खात्री?

स्वारगेट अपात्र ठरवलं. प्राची म्हणाली, "आई, तो बेस्ट आहे." म्हटलं, सही नाही. नियम म्हणजे नियम.
"पण नियम तूच केलास ना?"
म्हणूनच.
मि. पेपर वाचत होते. एकदाही वर बघितलं नाही.

२२ सप्टें., रविवार
बाणेरला गाडी बघायला. तक्त्यात कमी आला म्हणून लगेच पैसे देत नाही मी, माल बघते. दाराच्या आतल्या पट्टीवर बनावटीचा महिना असतो. जानेवारी. आठ महिने उन्हात उभी असलेली गाडी नवी म्हणून खपवत होते. विचारलं तर म्हणे, "मॅडम, चालवलेली नाहीये."
चालवलेली नाहीये हे मला टायरवरून दिसतंय. तारीख का सांगितली नाही, एवढंच विचारलं होतं.
बाहेर पडलो.

गेटपाशीच स्वारगेटच्या बाईला फोन लावला. नियम गुंडाळून ठेवला. ती म्हणाली, "अहो, तुम्ही दोन दिवस काहीच बोलला नाहीत. पांढरी एकच होती त्या भावात, काल गेली."
सहीसाठी गाडी घालवली मी. सही मागायला एक फोन पुरला असता. ऑफिसात अशी माणसं बघून मी मनातल्या मनात हसते.

आता वारजे उरलं. मि.ना म्हटलं, तिथे पुन्हा बसू या. तेव्हा स्कूटर स्टँडवर लावत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी चौदा तारखेलाच टोकन दिलंय तिथे. एकवीस हजार. तुला सरप्राईज द्यायचं होतं."

२३ सप्टें., सोमवार
बोलत नाही. "पोळी?" "नको." एवढंच.
सरप्राईज म्हणे. मी गावभर पत्रं वाटत फिरतेय, अकरा रकाने आखतेय, आणि सचिन तिकडे खुर्चीत मागे रेलून हसत असणार. मिस्टर आधीच खिशात.
राग पैशांचा नाही. मला न विचारता माझ्या कर्जावरच्या गाडीचं टोकन देऊन आले त्याचा आहे. आणि माझं ते भांडण आणि त्यांचं ते सभ्य वागणं, असं समजतात याचा आहे.

२५ सप्टें., बुधवार
मि. स्वतःहून बोलले. भांडी घासत होते, पाठमोरे. म्हणाले, "तू आवाज चढवून भाव विचारतेस ना, तेव्हा मला वाटतं आता हा माणूस आपल्याला काहीतरी बोलणार. तो बोलायच्या आधी पैसे देऊन निघून जावं असं वाटतं."
पन्नाशीचा माणूस. दोन पदव्या. मला माहीतच नव्हतं.
राग गेला असं नाही. पण जेवलो एकत्र.

२९ सप्टें., रविवार
दोघं वारज्याला गेलो. मी निक्षून सांगितलं होतं, आज तुम्ही फक्त सोबत बसा.
सचिनने थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं. मी मुद्दे मांडले: किट नको, विमा बाहेरून, हँडलिंग काढा, नाही तर टोकन परत. मॅनेजर शांतपणे ऐकत होता. मग खुर्ची फिरवत म्हणाला, "पितृपक्षात डिलिव्हरी मागणारे कस्टमर आम्ही ओळखतो मॅडम. तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत सवलतीची सवय झालेली असते."

हेच ते. मि. बावीस वर्षं ज्याला भीत होते ते वाक्य, एसी केबिनमध्ये, पाण्याच्या बाटलीसोबत. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मलाच खात्री नव्हती.

मि.नी कोटेशनचा कागद उचलला आणि मॅनेजरपुढे ठेवला. लायब्ररीतल्या आवाजात म्हणाले, "पहिली ओळ मोठ्याने वाचा."
"सर, म्हणजे..."
"वाचा. सवलत नकोय. कुठल्या ओळीचे पैसे सरकार घेतं आणि कुठल्या ओळीचे तुम्ही, एवढंच प्रत्येक ओळीपुढे सांगा."

वाचायला लावलं त्याला. एकेक ओळ. आरटीओ, सरकार. फास्टॅग, ठीक. किट? "ते ऑप्शनल आहे सर." मग खोडा. विमा? "बाहेरून चालेल." खोडा. वॉरंटी? खोडा. सचिन दारात उभा राहून ऐकत होता. मी गप्प होते, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

हँडलिंगपाशी अडलं. "ते वरून ठरलेलं आहे, माझ्या हातात नाही."
"मग वर विचारा. बुधवारपर्यंत ही ओळ काढा किंवा टोकन परत करा." पत्र मी तयारच नेलं होतं. मि.नी सही केली, पोच मागितली.

बाहेर पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली त्यांना लावता येईना. मी लावली. मग म्हणाले, "गावच्या दुकानात बाबांना पायरीखाली उभं राहावं लागायचं. पैसे लांबूनच ठेवायचे, तो वरून टाकेल ते झेलायचं. भाव विचारायची सोयच नव्हती. पुण्यात आल्यावर दुकानदार पैसे हातात घेतो याचंच त्यांना एवढं अप्रूप, की किती घेतो हे त्यांनी कधी बघितलंच नाही."
मागे बसून मी रडले. हेल्मेट होतं, बरं झालं.

१ ऑक्टो., मंगळवार
काही नाही. प्राची म्हणते, "बाबा, धिस इज अ मूव्हमेंट नाऊ." बाबा आरशापुढे उभे राहून दाढी करता करता हसले.

२ ऑक्टो., बुधवार
सुट्टी. सर्वपित्री. उद्यापासून नवरात्र, म्हणजे भाव चढणार. दसऱ्याला दहा दिवस. आजचा दिवस गेला की आमची बाजू लंगडी, हे मला पक्कं ठाऊक आहे.

अकराला सचिनचा फोन. मि.नी घेतला, स्पीकरवर टाकला. "सर, वर बोललो. अर्धं हँडलिंग माफ. साडेचार हजार फक्त. गाडी सप्टेंबरची आहे, पांढरी, संध्याकाळी घेऊन जा. सहानंतर मात्र ही ऑफर नाही."

गाडी ताजी आहे. रंग हवा तोच. किट गेलं, विमा गेला, वॉरंटी गेली. मी, या घरातली भांडकुदळ बाई, मीच कुजबुजले, "अहो, घ्या ना. साडेचार हजारांनी काय होतंय. तुमची पाठ बघा."

मि.नी मान हलवली. फोनमध्ये म्हणाले, "अर्धं म्हणजे काय सचिन? काम केलं असेल तर पूर्ण घ्या. केलं नसेल तर एक रुपया घेऊ नका." आणि ठेवून दिला.

तीन वाजले. साडेचारला मी चहा टाकला. मि. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेत आणि टोकन परत मिळालं नाही तर ग्राहक मंचात अर्ज कसा करायचा ते मला विचारतायत. मी सांगतेय, ते लिहून घेतायत. माझा जीव मात्र घड्याळात. गाडी हवी आहे मला. खरंच हवी आहे.

पावणेसहा. फोन वाजतोय. वारजेच. मि. म्हणाले, "तू घे. पण हो म्हणू नकोस."