दादांचा लॅपटॉप फास्ट केला तो आठवडा

६ मार्च, सोमवार
ड्रायव्हरदादा ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेले. शनिवारी रात्री येतील. जाताना लॅपटॉप माझ्या खाटेवर ठेवला. म्हणाले, रविवारी पोरींचा पहिला वाढदिवस आहे, व्हिडिओ कॉल सारखा अडकतो, तेवढं बघून ठेव. पोरी जुळ्या. दादा इकडे परदेशात आल्यावर झाल्या, त्यामुळे अजून मांडीवर घेतलेल्या नाहीत. वहिनी पाठवतात ते फोटोच काय ते.
खोलीत आम्ही चौघं, दादा, प्लंबर, वेल्डर आणि मी, पण लॅपटॉप दिला माझ्याकडेच. उगाच मला इंजिनीअर म्हणत नाहीत. शाळा नववीत सुटली हे खरं. पण हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी जे मशीन चालवतो त्याला स्क्रीन आहे. म्हणजे कॉम्प्युटरच. आईला फोनवर तसंच सांगितलंय.

७ मार्च, संध्याकाळ
लॅपटॉप फास्ट करणारा फुकटचा ऑप्टिमायझर टाकला. त्याने दोन हजारांवर प्रॉब्लेम काढले. सगळे लाल. दादांनी इतके दिवस कसे काढले कोण जाणे. एक बटण दाबलं, सगळे हिरवे. भरून आलं. माझ्या स्वतःच्या प्रॉब्लेमना असं बटण पाहिजे होतं.

तोच दिवस, जेवणानंतर
एकसारखे फोटो शोधायचीही सोय आहे. शेकड्यांनी निघाले. तेच टोपडं, तेच झबलं, तोच चेहरा. वहिनीही कमाल करतात, एकच फोटो दोनदा पाठवतात. पहिला ठेवला, नंतरचा उडवला. ‘कायमचं पुसा’ यावरही टिक केली. काम अर्धवट सोडायची आपल्याला सवय नाही.

८ मार्च
लॅपटॉप सुसाट. फक्त कॅमेरा दिसत नाही. आवाजही गेलाय. किरकोळ.

९ मार्च
दुसरा ऑप्टिमायझर टाकला. तो पहिल्याला व्हायरस म्हणतो. पहिला त्याला. प्लंबर आणि वेल्डरचं खोलीत पंख्यावरून असंच चालतं. दोघांचं ऐकून घेतलं आणि तिसरा टाकला.
लॉन्ड्रीतही हीच विद्या वापरली. चादरी साबणानंतर दोनदा साध्या पाण्यातून निघतात. एक फेरी कापली, वेळ वाचवला. मुकादमांनी चादर नाकाला लावली आणि सगळ्यांसमोर विचारलं की हा फेस तुझ्या डोक्यातून आला का. सगळा गठ्ठा पुन्हा धुवायला लावला. लोकांना स्पीड पचत नाही.

१० मार्च, पहाटे
काळा स्क्रीन. मध्ये एक गोल फिरतोय. मीही.
ठरवलं: घाबरायचं नाही.

१० मार्च, दुपार
घाबरलो. सुट्टी टाकून लॅपटॉप दुकानात नेला. दुकानवाला म्हणाला, हा आजारी नव्हताच, तुझ्या औषधांनी आजारी पडला. तिन्ही ऑप्टिमायझर काढले. कॅमेरा आला, आवाज आला. कॉल का अडकतो विचारलं, तर म्हणे तुमच्या खोलीचं नेट कमी पडतं, कुणीतरी पिक्चर बघत असेल. म्हणजे प्लंबर. मला हे पहिल्यापासून वाटत होतं.
मग सगळं चालतंय का बघायला त्याने फोटो उघडले. बघत गेला, बघत गेला. म्हणाला, “जुळ्या म्हणालास ना? मग दुसरी कुठंय?”

१० मार्च, संध्याकाळ
नुसते डिलीट केले असते तर परत आणून दिले असते म्हणाला. कायमचं पुसलं ते पुसलं.
जेवलो नाही. वेल्डरने विचारलं, घरचं काही वाईट कळलं का. हो म्हणालो. खोटं तरी कुठे आहे.

११ मार्च, शनिवार
मार्ग सापडला. प्रत्येक फोटोची कॉपी केली आणि आरशासारखी उलटी फिरवली. गालावरचा तीळ डावीकडून उजवीकडे गेला. झाली दुसरी पोरगी. संध्याकाळपर्यंत सगळ्या फोटोंना जोड मिळाली. दुकानवाल्याला सुचलं नसतं.

१२ मार्च, रविवार
प्लंबरला पिक्चर बंद करायला लावला. कॉल एकदाही अडकला नाही. वहिनींच्या मांडीवर दोघी. दादा हसत होते, पोरी नावं घेतली की वळून बघत होत्या. दादांनी माझी पाठ थोपटली. इथेच लॅपटॉप मिटायला हवा होता.
कॉल चालू ठेवून दादांनी जुने फोटो काढले, पोरी केवढ्या वाढल्या ते बघायला. मध्येच स्क्रीनजवळ वाकले. तीळ फक्त थोरलीला आहे. धाकटीला तीळच नाही. वहिनी नेहमी आधी थोरलीचा फोटो पाठवतात, मग धाकटीचा. दादा स्क्रीनवर बोट ठेवून हळूहळू म्हणत गेले, “ही थोरली. हीपण थोरली. हीपण.” धाकटीचं पहिलं वर्ष त्या लॅपटॉपमध्ये कुठेच नव्हतं.
ओरडले असते तर बरं झालं असतं. लॅपटॉप मिटून जिन्यात जाऊन बसले.
नंतर वहिनींनीच फोन करून सांगितलं की माझ्या मोबाइलमध्ये सगळे आहेत, उद्या पुन्हा पाठवते. जिवात जीव आला. फक्त मोबाइल फार स्लो झालाय म्हणाल्या, वेळ लागेल. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून मी लगेच त्यांना एका अ‍ॅपची लिंक पाठवली. हे वेगळ्या कंपनीचं आहे.

१३ मार्च, सोमवार
त्यातल्या एकसारख्या फोटोंच्या बटणाला हात लावू नका, हे वहिनींना सांगायचं राहिलं. दादा सकाळपासून त्यांना फोन लावतायत. लागत नाहीये.
नेटवर्क असेल.