एकसारखी पेनं

ती. ताई,
लांबूनच पाया पडतो. तुझी कंबर कशी आहे?

माझी काळजी करू नकोस. सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष निवडायचा, म्हणून हॉटेलात आम्हा प्रतिनिधींची बडदास्त मोठी आहे. फोन तेवढे काढून घेतलेत.

उद्या गुप्त मतदान आहे; जुने अध्यक्ष पुन्हा उभे आहेत. त्यासाठी प्रत्येकाला एकसारखं पेन भेट मिळालंय. पण माझी शाई हिरवट उमटते, तू बघतेच आहेस; खोलीतल्या सोबत्याची जांभळट. म्हणजे कोणाचं मत कुणाला गेलं, ते मोजणाऱ्याला नुसतं बघून कळणार.

सकाळी सोबती म्हणाला, "दादा, मतदानापुरती पेनं बदलू या." चेहरा इतका भोळा केला होता, की मी आंघोळीलाही पेन घेऊनच गेलो.

कोणी विचारायला आलंच तर सांग, भाऊ पहिल्यापासून जुन्या अध्यक्षांचाच माणूस आहे.

तुझा धाकटा