बॉनेटवर हात ठेवून बघा

बाबा,

दारातली गाडी चोरीची नाही, मी विकत घेतलीय. आई कालपासून माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलतेय. तुम्हाला ऐकू येत नाही, तुमची मजा आहे.

गाडी वीस वर्षं जुनी आहे. विकणारा म्हणाला, हिची चारही चाकं इंजिनच्या जोरावर एकदम फिरतात. सध्या इंजिन सुरू होतं, पण चाकं हलत नाहीत, चारही. आपल्या घरात चौघांचं असं एकमत कधी झालं होतं?

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं तासभर आवाज ऐकला, पण त्याला दोष सापडला नाही. मग आठवलं, कान चांगले होते तेव्हाही तुम्ही बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून सांगायचात, "गिअरबॉक्स रडतोय." कान गेले म्हणून तुम्ही गॅरेज बंद केलंत. हातांना कुणी विचारलंच नाही.

किल्ली चहाच्या डब्यात आहे. तुमची पान्यांची पेटी माळ्यावरून काढून मागच्या सीटवर बसवलीय, पट्टा लावून.

मी सहाला येईन. काही विचारणार नाही. बेसिनवर ग्रीस काढायचा नवा साबण ठेवलाय. तो ओला दिसला, तर उद्या रजा टाकून पाने द्यायला तुमच्या शेजारी बसेन.

— धाकटा