भुवईवरची चिकटपट्टी

मंगळवार, संध्याकाळ. प्रताप नगर.

चहा केला, तो तसाच निवला. आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मी महादेव आजोबांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकत होते. दुसऱ्यांदा टाकायला गेले तर आजोबा म्हणाले, "सिस्टर, याच डोळ्यानं तर मले दिसते."

हात तिथेच थांबला. कागद पाहिला. डावा डोळा. चिकटपट्टी मात्र उजव्या भुवईवर. ऑपरेशनच्या डोळ्याची खूण म्हणून सकाळी मीच ती डावीकडे लावली होती, मग?

त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "अंगारा लावाले काढली होती वं बाई. मग मीनंच लावून देली." समोर उभी राहून लावली असणार. तिच्या डाव्या हाताला येतो तो त्यांचा उजवा डोळा.

चूक वेळेत सापडली म्हणून डॉक्टरांनी शाबासकी दिली. कशाची? बारा वर्षं झाली नोकरीला, आणि मी कागद न बघता चिकटपट्टी बघून थेंब टाकते. आत ऑपरेशन थिएटरमध्येही सगळे ती पट्टीच बघतात.

मी घरी निघताना आजोबांची बायको पुन्हा म्हणाली, "सरूबाईले बी मीनंच लावून देली. आमच्याच गावची आहे ते."

सरूबाईचं ऑपरेशन सकाळीच झालं. तिला ऐकू येत नाही, काहीही विचारलं की नुसती मान डोलावते. तिच्याही कपाळावर अंगारा होता, आत्ता आठवतंय.

तिची फाईल टेबलावरच होती. मी उघडली नाही. उघडायला हवी होती ना? पर्स उचलली आणि निघाले.

उद्या सकाळी तिच्या डोळ्याचं बँडेज मीच उघडणार आहे.