सिलिकॉनसाठी पातळ सांगाडा

९ फेब्रुवारी १९८७, रत्नागिरी
आप्पा आज काठी टेकत पडवीपर्यंत आले! अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात अजून लुळाच. जन्मभर जहाजांच्या इंजिनात राबलेला माणूस — सगुणावहिनी भात कालवून भरवते तेव्हा डोळे मिटून घेतो.
शिवादादा बोटीवर. घर सगळं वहिनीवर. मी रजेवर, तरी आराखडे पसरून बसलेलीच.

११ फेब्रुवारी
"काय गो चिमा, कसलं यंत्र हे?" आप्पा.
सांगितलं — जिनिव्हाजवळ कण एकमेकांवर आदळवणार. त्यातून निघणारं काही जेमतेम दोनतीन मिलिमीटर जातं आणि फुटतं. कुठे फुटलं ते कळायला हवं. म्हणून टक्करीच्या अगदी जवळ सिलिकॉनच्या चकत्या, त्यांवर केसाहून बारीक पट्ट्या. कण ज्या पट्टीतून गेला तिच्यात इवलीशी वीज! चकत्या धरून ठेवणारा सांगाडा माझा.
"मग अडलंय कुठं?"
"जाड केला तर कण त्यातच वाट बदलतात. पातळ केला तर तापून वाकेल, असं तिकडचे म्हणतात."
"पाणी खेळव की!"
इंजिनवालेच ते! नळ्या घातल्या की पुन्हा जाडी आलीच. पण हसलो दोघं. झटक्यानंतर पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी
मुंबईत माझा सहकारी महिपत आमच्या प्रयोगशाळेत नमुना तापवून बघतोय. वाकला तर दुसऱ्या कुणाचा तरी सांगाडा घेतील. रोज कोपऱ्यावरच्या दुकानात फोनची चौकशी करून येते.

१९ फेब्रुवारी
कोपऱ्यावरच्या दुकानात महिपतचा ट्रंककॉल. ओरडतच होता — "हलला नाही गं! तापवला, गार केला, जागचा हलला नाही!"
तिकडूनही होकार. एप्रिलपासून मी जिनिव्हात. दोन वर्षं. दुकानातच रडू फुटलं. दुकानदार घाबरला, त्याला वाटलं कुणी गेलं!

२० फेब्रुवारी
घरी सांगितलं. वहिनी भांडी विसळता विसळता — "मलापण सांगायचं होतं. नर्सच्या शिक्षणाला घेतलंय मला. कोल्हापूरला, जूनपासून. यांचा होकार आहे."
आप्पांजवळ वहिनी आहेच, असं मी धरून चालले होते. तिला विचारलंसुद्धा नाही!
"तुम्ही जा. मी पुढच्या वर्षी बघेन."
"पुढच्या वर्षी घेतील कशावरून? तू जायचंस."
"आणि तुमचं एवढं काम?"
दोघीही हट्टाला पेटलो. आतल्या खोलीत आप्पांचा खोकला — सगळं ऐकत होते.

२१ फेब्रुवारी
उद्या महिपतला नकार कळवायचा. दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला सांग म्हणून. ठरलं. आराखडे गुंडाळून ठेवले.

२२ फेब्रुवारी
सकाळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून दारात.
"जिनिव्हाला समुद्र आहे?"
"नाही. मोठं तळं आहे."
"चालेल. फोटोवाल्याकडे ने मला. पासपोर्ट नवा करायला हवा."