नळी माझ्या हाती नव्हती

मुहांगा,
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझा गुडघा कसा आहे? घेवड्याची पेरणी झाली असेल. एकटीने सगळं उरकू नकोस.

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली. ‘न्यायालयाने कालिक्स्तचं काही ऐकलंच नाही’ असं लिहिलं होतं. ते खरं नाही, आनंदाच्या भरात लिहून गेले. चुलीपाशी बसवून मला अक्षरं शिकवलीस तूच, आणि चुकलेलं पुसल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाहीस. तर नीट सांगते. माझ्यावर केलेल्या अत्याचाराची शिक्षा कमी व्हावी म्हणून त्याने अपिलात तीन कारणं दिली: पहिलाच गुन्हा, वय कोवळं, आणि आपल्या घराशी झालेला समेट. न्यायाधीशबाईंनी तिन्ही शांतपणे ऐकली आणि मग नाकारली. पंधरा वर्षं कायम. न ऐकता नाकारली असती, तर मला धास्ती वाटत राहिली असती. आता नाही वाटत.

सगळं अडलं होतं ते समेटावर. त्याचा वकील म्हणाला, “मुलाच्या बापाने केळ्याच्या बिअरचा घडा नेला. मुलीकडच्या मोठ्यांनी त्यात नळ्या घालून ती त्याच्यासोबत प्यायली. आमच्या टेकड्यांवरच्या गावांत यालाच माफी म्हणतात.”

“मुलगी प्यायली का?” बाईंनी विचारलं.

“मोठे प्यायले म्हणजे घर प्यायलं, मॅडम.”

“मी घराचं विचारलं नाही.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हटलं, “मी त्या दिवशी दवाखान्यात होते. घडा आला होता हे मला घरी परतल्यावर कळलं. माझ्याकडे माफी मागायला आजवर कोणी आलेलं नाही.”

निकालात तेच आलंय. जिच्यावर अत्याचार झाला तिच्या वतीने दुसरं कोणी माफी देऊ शकत नाही.

माझ्यासोबत शिवणकाम करणारी स्पेसियोज आली होती. बाहेर पडताच म्हणाली, “बिअर प्यायली तुझ्या घरच्यांनी, आणि उतरली वकिलाची.” बसथांब्यापर्यंत आम्ही दोघी हसत होतो. आत्या, किती दिवसांनी हसले मी.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी टाळली. वकिलाने पिणाऱ्यांची नावं वाचली. काकांचं मला माहीत होतं. दुसरं तुझं होतं. तुला नाही म्हणता आलं नसेल असं वाटलं, पण तो माझा अंदाज. खरं तुलाच ठाऊक. मी रागावलेय का, हे मला अजून सांगता येत नाही. तुझ्याशिवाय हे ज्याला लिहावं असं मात्र दुसरं कोणी सुचलं नाही.

गावात अजूनही म्हणतात, “पोरीने माफ केलं आणि वर तुरुंगातही धाडलं.” स्पेसियोज म्हणते, “बोलू देत, तुझं काय जातं?” माझंच तर जातं. माझ्या तोंडचा शब्द दुसऱ्यांनी ठरवलाय.

म्हणून गावी येतेय. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे रस्त्याच्या कामाला जमतील, तेव्हा मीही फावडं घेऊन येईन. काम संपल्यावर सभेत गावप्रमुख विचारतील, “कुणाला काही बोलायचंय?” मी हात वर करीन. तू माझ्याशेजारी उभी राहावीस असं वाटतं. नाही राहिलीस तरी मी बोलणार आहे.

तू शिकवलेली,
देवोता

ता. क. तो शनिवार २८ सप्टेंबरचा.